मराठी शोधाची तयार लिंक पुन्हा पुन्हा का मोडते : वेबपत्त्यातील पॅरामीटरांचे समस्या निवारण

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभ्यासिकेसाठी मी विषयांची एक स्प्रेडशीट सांभाळतो. पहिल्या रकान्यात विषय असतो, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र चळवळ, सत्यशोधक समाज, कोयना प्रकल्प असे काहीतरी, आणि शेजारच्या रकान्यात ‘शोधा’ अशी लिंक असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी त्या लिंकवर क्लिक केले की काही टाइप न करता त्या विषयाचे निकाल उघडावेत, एवढाच तिचा उपयोग. इंग्रजी विषयांच्या लिंक सहसा बिघडत नाहीत. मराठी विषयांच्या लिंक मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी मोडतात, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने मोडतात. कधी शोधाच्या चौकटीत अर्धाच विषय येतो, कधी विषयाऐवजी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ येते, कधी लिंकच्या जागी चुकीचा संदेश दिसतो, तर कधी सगळे नीट दिसूनही निकाल भलतेच येतात. एक दुरुस्ती करावी तर पुढच्या महिन्यात दुसरी तक्रार हजर होते, कारण दोष एका जागी नसतो. विषय लिहिणाऱ्यापासून शोध इंजिनाच्या सर्व्हरपर्यंत तो मजकूर पाच-सहा हातांतून जातो आणि त्यांतील प्रत्येक हात त्यात काही ना काही बदल करू शकतो. कोणता बदल कोणी केला हे पत्ता वाचून ओळखता येते, म्हणून ते ओळखण्याची रीत येथे सविस्तर मांडत आहे.

लिहिण्याविषयी एक खुलासा आधी करतो. पुढे पत्ते, पॅरामीटरांची नावे आणि संकेतांक वाचायला सोपे जावेत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती अक्षरे रोमन आणि आकडे इंग्रजी टाइप करायचे आहेत. ‘क्यू’ म्हणजे ते एकच रोमन अक्षर, ‘एचएल’ म्हणजे दोन अक्षरे, याप्रमाणे.

पत्त्याची रचना

गूगलच्या शोधपत्त्याचा गाभा ‘गूगल.कॉम/सर्च?क्यू=’ इतकाच आहे आणि बरोबरीच्या चिन्हापुढे आपला शोधशब्द येतो. प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग कोणत्या दारात जायचे ते सांगतो आणि नंतरचा भाग तेथे काय मागायचे ते सांगतो. अशा प्रत्येक मागणीला पॅरामीटर म्हणतात. मागण्या एकाहून अधिक असतील तर त्या अँपरसँडने, म्हणजे & या चिन्हाने, एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या असतात. डकडकगो आणि बिंग यांच्याकडेही शोधशब्दाचे नाव ‘क्यू’च आहे, विकिपीडियाकडे ते ‘सर्च’ आहे आणि यूट्यूबकडे ‘सर्च_क्वेरी’. एका ठिकाणचा पत्ता नमुना म्हणून घेऊन त्यात फक्त संकेतस्थळाचे नाव बदलले की निकालांऐवजी कोरे मुखपृष्ठ उघडते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पत्त्यात कोणती चिन्हे जशीच्या तशी चालतात हे टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर यांच्या नावाने जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३९८६ या मानकात सांगितले आहे. रोमन अक्षरे, इंग्रजी अंक, आडवी छोटी रेघ, टिंब, अधोरेष आणि ~ हे चिन्ह एवढेच निर्धास्तपणे वापरता येते. बाकीच्या चिन्हांपैकी काहींना पत्त्यात स्वतःचा अर्थ आहे, आणि उरलेली सगळी, म्हणजे आपली संपूर्ण वर्णमाला, टक्क्याच्या रूपात लिहावी लागते. या रूपांतराला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइट टक्का व दोन वर्ण असा लिहिला जातो. ‘म’ हे अक्षर पत्त्यात ‘%ई०%ए४%एई’ असे जाते, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ‘मराठी’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा शब्द पाच चिन्हांचा असतो आणि पत्त्यात ४५ जागा घेतो. ‘महाराष्ट्र’ दहा चिन्हांचा आहे, तो ९० जागा घेतो.

देवनागरीचे कोणतेही चिन्ह घ्या, त्याची सुरुवात ‘%ई०%ए४’ किंवा ‘%ई०%ए५’ या दोहोंपैकी एकानेच होते. निदानाच्या कामी ही गोष्ट फार उपयोगाची आहे.

दुरुस्तीआधी पत्ता तपासणे

मोडलेली लिंक उघडून ॲड्रेस बारमध्ये काय दिसते ते पाहण्याची सवय मलाही होती आणि त्यात बराच वेळ गेला. ब्राउझर वाचकाच्या सोयीसाठी टक्क्यांची माळ पुन्हा मराठीत करून दाखवतो, त्यामुळे बारमध्ये दिसणारा पत्ता आणि प्रत्यक्ष पाठवला जाणारा पत्ता यांत फरक असू शकतो. क्रोममध्ये संपूर्ण पत्ता निवडून कॉपी केला तर टक्के येतात आणि अर्धाच भाग निवडला तर दिसते तसे मराठी येते. एकच लिंक दोघांनी पाठवली आणि दोघांची दोन रूपे निघाली, तर कारण असे साधे असू शकते. म्हणून लिंकवर उजवे बटण दाबून तिचा पत्ता कॉपी करावा, नोटपॅडसारख्या साध्या लेखनपटलावर डकवावा आणि शोधशब्दाच्या बरोबरीच्या चिन्हानंतर पहिली दहा-बारा अक्षरे कोणती आहेत ते पाहावे.

तेथे ‘%ई०%ए४’ असेल तर एन्कोडिंग बरोबर आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा.

तेथे ‘%२५ई०’ असेल तर एन्कोडिंग दोनदा झाले आहे. टक्क्याचे चिन्ह स्वतः एन्कोड झाले की ‘%२५’ होते. आधीच रूपांतरित झालेला मजकूर पुन्हा त्याच प्रक्रियेतून गेला की प्रत्येक टक्क्याचे असे होते आणि शोध इंजिनाला मराठी शब्दाऐवजी टक्क्यांची माळ हाच शोधशब्द वाटतो. आमच्या स्प्रेडशीटमध्ये सर्वाधिक वेळा हाच दोष निघाला. कोणीतरी विषयाच्या रकान्यात शब्द टाइप करण्याऐवजी ब्राउझरमधून कॉपी केलेला तुकडा डकवत असे, आणि पुढच्या रकान्यातील सूत्र त्याचे इमानेइतबारे पुन्हा एन्कोडिंग करत असे. पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिताना क्वोट या एन्कोडिंग करणाऱ्या फंक्शनने शब्द तयार करून तो रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या पॅरामीटरांत दिला तरी असेच होते, कारण ती लायब्ररी ते काम स्वतः करते. या दोषात मूळ मजकूर नष्ट होत नाही, दोनदा डिकोड केले, म्हणजे उलट रूपांतर केले, की तो परत मिळतो. पण खरी दुरुस्ती रकान्यात नेहमी साधा, वाचता येणारा मराठी शब्द ठेवणे आणि एन्कोडिंग शेवटच्या पायरीवर एकदाच करणे ही आहे.

‘%यू०९२ई’ असे रूप दिसले तर जावास्क्रिप्टमधील ‘एस्केप’ हे जुने फंक्शन कोठेतरी वापरात आहे. हे रूप वेबपत्त्यांच्या मानकात नाही. त्याऐवजी ‘एन्कोडयूआरआयकंपोनंट’ वापरावे. त्याचा भाऊबंद ‘एन्कोडयूआरआय’ येथे चालत नाही, कारण तो अखंड पत्त्यासाठी आहे आणि &, #, + ही चिन्हे तशीच सोडून देतो.

‘%सी३%ए०%सी२%ए४’ अशी सुरुवात म्हणजे मराठीचे बाइट कोणीतरी युरोपीय अक्षरे समजून वाचले आणि मग एन्कोड केले. पडद्यावर अशा मजकुरात टोप्या घातलेली रोमन अक्षरे आणि ¤ हे चिन्ह पुन्हा पुन्हा येते. सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, थेट दुहेरी क्लिकने एक्सेलमध्ये उघडल्यावर हे अनेकदा घडते. फाइल डेटाच्या मेनूतून आयात करून यूटीएफ-८ निवडले तर मजकूर नीट येतो. पण ‘%३एफ%३एफ%३एफ’ दिसले तर ते ओळीने आलेले प्रश्नचिन्ह आहेत. मराठी साठवू न शकणाऱ्या रूपात फाइल एकदा जतन झाली आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसले, असा त्याचा अर्थ. येथे डिकोड करण्यासारखे काही उरलेले नसते, जुनी प्रत शोधून विषय पुन्हा भरावे लागतात. त्यामुळे या यादीची एक प्रत कोणाच्याही हाती न देता वेगळी ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन.

विषय डीटीपीच्या जुन्या फाइलमधून आणलेले असतील तर आणखी एक शक्यता असते. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणारे मानक. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत तो रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतो. असा मजकूर पत्त्यात गेला की निरर्थक रोमन अक्षरांचा शोध होतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्यावाचून इलाज नाही.

एक्सेल आणि २५५ ची मर्यादा

लिंकच्या जागी ‘#व्हॅल्यू!’ हा मूल्यदोषाचा संदेश येण्याचे कोडे मला सर्वांत उशिरा सुटले. एक्सेलचे हायपरलिंक हे सूत्र २५५ अक्षरांपेक्षा लांब पत्ता स्वीकारत नाही. इंग्रजी विषयात ही मर्यादा सहसा गाठली जात नाही, मराठीत ती चार शब्दांत गाठली जाते. गूगलच्या पत्त्याचा सुरुवातीचा भाग, एचटीटीपीएसपासून बरोबरीच्या चिन्हापर्यंत आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू धरून, ३२ अक्षरांचा असतो. ‘संयुक्त महाराष्ट्र चळवळ’ यात २१ चिन्हे आहेत, त्यांची १८९ अक्षरे होतात. दोन मोकळ्या जागांची प्रत्येकी तीन धरून सहा मिळवली की एकूण २२७ होतात आणि लिंक चालते. त्यापुढे ‘इतिहास’ हा शब्द जोडला की आणखी ५७ अक्षरे येतात, बेरीज २८४ वर जाते आणि लिंक मोडते. विषय नेमका करावा म्हणून कोणी एक शब्द वाढवतो, त्या शब्दाचे शुद्धलेखनही बिनचूक असते, आणि तरी लिंक बंद पडते. हिशेब मांडल्याशिवाय यामागचे कारण ध्यानात येत नाही. लांबी मोजण्याचे सूत्र शेजारच्या एका रकान्यात कायमचे ठेवले की असा शब्द आल्याबरोबर कळते.

यावर दोन उपाय मी करून पाहिले. पहिला असा की एक्सेलमध्ये शब्दाचे एन्कोडिंग करूच नये, मराठी शब्द जसाच्या तसा पत्त्याला जोडावा, फक्त मोकळी जागा आणि पुढे सांगितलेली चार-पाच धोक्याची चिन्हे बदलून घ्यावीत आणि उरलेले काम ब्राउझरवर सोडावे. आजचे ब्राउझर ते बिनबोभाट करतात आणि मर्यादेच्या हिशेबात मराठीचे चिन्ह नऊऐवजी एकच जागा घेते. दुसरा उपाय यादी गूगल शीट्समध्ये नेण्याचा, तेथे आमच्या लांब लिंकही चालल्या. शीट्समध्ये एन्कोडयूआरएल हे सूत्र आहेच. एक्सेलमध्ये ते २०१३ च्या आवृत्तीपासून विंडोजवर मिळते, मॅकवरील आणि वेबवरील एक्सेलमध्ये मात्र ते चालत नाही. घरी मॅकवर यादी उघडणाऱ्याची तक्रार आली तर हे आधी विचारावे. सूत्र लिहिताना & या चिन्हाची गल्लत होते, तीही लक्षात ठेवावी. अवतरणाबाहेर ते एक्सेलचे जोडचिन्ह आहे आणि अवतरणात ते पत्त्यातील पॅरामीटर वेगळे करणारे चिन्ह आहे. एन्कोडयूआरएल संपूर्ण पत्त्याला लावू नये, फक्त विषयाच्या रकान्याला लावावे. संपूर्ण पत्त्याला लावले की प्रश्नचिन्ह आणि तिरक्या रेघाही टक्क्यांत जातात आणि तो पत्ता राहत नाही.

अर्धाच विषय शोधला जाणे

शोधशब्द मध्येच कापला जात असेल तर कापलेल्या जागी मुळात कोणते चिन्ह होते ते पाहावे. ‘जम्मू & काश्मीर’ या विषयात अँपरसँडपुढचा भाग सर्व्हरला नवा पॅरामीटर वाटतो आणि फक्त ‘जम्मू’ शोधले जाते. # पुढचा मजकूर पानातील खुणेसाठी राखून ठेवलेला असतो, ब्राउझर तो सर्व्हरकडे पाठवतच नाही. अधिकचे चिन्ह प्रश्नचिन्हानंतरच्या भागात मोकळी जागा म्हणून वाचले जाते. ‘सी++’ या संगणकभाषेच्या शोधातील दोन्ही चिन्हे म्हणूनच गायब होतात. शेतीयोजनांच्या यादीत ‘५०% अनुदान’ असे विषय पुष्कळ असतात. तेथील एकटा टक्का पुढच्या दोन वर्णांची वाट पाहतो, ते न मिळाल्याने काही संकेतस्थळे पत्ता सदोष ठरवून नाकारतात. या चिन्हांची बिनधोक रूपे अनुक्रमे ‘%२६’, ‘%२३’, ‘%२बी’ आणि ‘%२५’ अशी आहेत.

मोकळ्या जागेसाठी अधिकचे चिन्ह वापरावे की ‘%२०’, यावर माझे मत ठाम आहे: नेहमी ‘%२०’. अधिकचे चिन्ह प्रश्नचिन्हाच्या उजवीकडे मोकळी जागा मानले जाते, डावीकडे ते अधिकच राहते. विकिपीडियावरील लेखाचा पत्ता डावीकडच्या भागात असतो, तेथे अधिकचे चिन्ह घातले की त्या नावाचा लेख नाही असे उत्तर येते. ‘%२०’ दोन्हीकडे सारखेच वाचले जाते. मोकळी जागा तशीच सोडून पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला तर पहिल्या शब्दापर्यंतच लिंक निळी होते. वाक्याच्या शेवटी लिंक देऊन लगेच पूर्णविराम दिला तर तो कधी कधी पत्त्याचाच भाग धरला जातो, म्हणून लिंक स्वतंत्र ओळीवर द्यावी.

दिसायला एक, आतून दोन

आता त्या दोषाकडे येतो जो मराठीत विशेष जाणवतो आणि ज्याची चर्चा फार कमी होते. पत्ता निर्दोष असतो, शब्द बरोबर असतो आणि तरीही दोन लिंकचे निकाल जुळत नाहीत. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात तो ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, पाय मोडण्याची खूण आणि पुढचे अक्षर असा बनतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, पाय मोडण्याची खूण, मग डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे एक जोडचिन्ह आणि पुढचे अक्षर असा बनतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पत्त्यात मात्र पहिल्यात ‘%ई०%ए४%बी१’ असते आणि दुसऱ्यात ‘%ई०%ए४%बी०’ च्या मागे ‘%ई२%८०%८डी’ असते. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या प्रकारे ६३ अक्षरांचा होतो, दुसऱ्या प्रकारे ७२ चा.

‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲल्युमिनियम’ यांतील पहिल्या अक्षराचेही असेच आहे. त्यासाठी युनिकोडने २००८ मधील ५.१ या आवृत्तीत एक अखंड चिन्ह दिले. त्याआधीचे बरेच लेखन ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी झालेले आहे आणि काही कळफलक आजही तसेच टाइप करतात. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपे समान नाहीत, त्यामुळे मजकुराचे प्रमाणीकरण करणारी नेहमीची फंक्शनेही त्यांना एक करत नाहीत. अदृश्य जोडचिन्हाच्या ‘ऱ्या’चेही तेच. शोध इंजिन हा भेद आपणहून मिटवील यावर विसंबू नये. अवतरणचिन्हांत घातलेला नेमका वाक्यांश शोधताना आणि लहान संकेतस्थळांच्या किंवा ग्रंथसूचींच्या अंतर्गत शोधात हा भेद विशेष भोवतो.

आम्ही आता विषयाच्या रकान्यावर आधी दोन अदलाबदली चालवतो. अदृश्य जोडचिन्हाचा ‘ऱ्य’ अखंड चिन्हाच्या रूपात नेतो, आणि ‘अ’ व चंद्र यांचा अखंड ‘ॲ’ करतो. शब्दाच्या शेवटी चिकटलेली अदृश्य चिन्हे आणि मोकळ्या जागाही काढतो. त्याच वेळी अवतरणचिन्हेही पाहावीत. वर्डमधून डकवलेली अवतरणे वाकडी असतात. नेमका वाक्यांश मागण्यासाठी सरळ दुहेरी अवतरण लागते, त्याचे रूप ‘%२२’ आहे. वाकड्या अवतरणाला तोच अर्थ मिळेल याची सर्वत्र खात्री देता येत नाही.

मराठी कळफलकाचा आणखी एक परिणाम अंकांवर होतो. गूगलच्या निकालांचे दुसरे पान ‘स्टार्ट’ या पॅरामीटरला दहा ही किंमत देऊन मिळते. ती किंमत देवनागरी अंकांत टाइप झाली तर पत्त्यात ‘%ई०%ए५%ए७%ई०%ए५%ए६’ अशी माळ जाते आणि सर्व्हरला तेथे आकडा दिसत नाही. शोधशब्दात देवनागरी अंक खुशाल असावेत, पण पॅरामीटरांच्या किमतीत ते असू नयेत.

भाषा, देश आणि कालबाह्य पॅरामीटर

‘मराठीत शोध’ म्हणून ‘एचएल=एमआर’ जोडलेल्या कितीतरी लिंक मी पाहिल्या आहेत. या पॅरामीटरने फक्त पानावरील बटणे आणि सूचना मराठीत येतात. निकाल एखाद्या भाषेतील पानांपुरते राखण्यासाठी ‘एलआर’ हा वेगळा पॅरामीटर आहे, पण तो मराठीसाठी चालेलच असे नाही. मराठी, हिंदी, नेपाळी आणि कोकणी यांची लिपी एकच असल्याने या गाळणीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. शोधशब्दातच ‘आहे’, ‘आणि’, ‘झाली’ यांसारखा निखळ मराठी शब्द घातला तर तो अनेकदा अधिक कामाचा ठरतो. देशासाठी ‘जीएल=आयएन’ आहे. जुन्या याद्यांतील ‘गूगल.को.इन’ हा पत्ता बदलून मूळ ‘गूगल.कॉम’ करून टाकावा, कारण देशवार पत्ते मुख्य पत्त्याकडे वळवण्याचे धोरण गूगलने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे.

एका पानावर शंभर निकाल मागणारा ‘नम’ हा पॅरामीटर सप्टेंबर २०२५ पासून चालेनासा झाला. लिंकमध्ये काही न बदलता निकाल दहाच येऊ लागले असतील तर तो दोष आपला नाही. असे पॅरामीटर सेवा पुरवणाऱ्याच्या मर्जीवर असतात, म्हणून दीर्घकाळ ठेवायच्या यादीत ‘क्यू’शिवाय जितके कमी तितके बरे. निकालांच्या पानावरून उचललेल्या पत्त्यात ‘ईआय’, ‘व्हेड’, ‘एसएक्सएसआरएफ’, ‘ओक्यू’ अशी शेपटे असतात. ती त्या वेळच्या सत्राशी आणि क्लिकशी निगडित असतात, दुसऱ्याला देण्याच्या लिंकमध्ये त्यांचे काही काम नाही. ती काढून टाकली तरी निकाल येतात आणि लांबीही वाचते. केवळ संकेतस्थळांच्या दुव्यांची साधी यादी हवी असेल तर ‘यूडीएम=१४’ मात्र आजही उपयोगी पडतो, तो आम्ही ठेवला आहे.

विकिपीडियाच्या बाबतीत ‘शोध चालतच नाही, एकदम लेखच उघडतो’ अशी तक्रार येते. शोधशब्द एखाद्या लेखाच्या शीर्षकाशी तंतोतंत जुळला की तसे होणे अपेक्षितच आहे. निकालांची यादीच हवी असल्यास ‘फुलटेक्स्ट=१’ जोडावे.

ब्राउझरमधील %एस

एकाच संगणकावर काम करणाऱ्याने स्प्रेडशीटच्या भानगडीत पडण्याची गरज नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये शोध इंजिनांच्या भागात आपल्या आवडीचे संकेतस्थळ एका छोट्या संकेतशब्दासह नोंदवता येते, आणि पत्त्यात जेथे शोधशब्द यायला हवा तेथे ‘%एस’ लिहायचे असते. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला संकेतशब्द देऊन हेच करता येते. एन्कोडिंग ब्राउझर करतो आणि बरोबर करतो. तरीही एक दोष नेहमी येतो. पत्त्याचा नमुना मिळवण्यासाठी लोक संकेतस्थळाच्या शोधचौकटीत ‘%एस’ हेच शोधतात आणि आलेला पत्ता कॉपी करतात. त्या पत्त्यात ते ‘%२५एस’ झालेले असते. मग काहीही शोधले तरी दर वेळी ‘%एस’चेच निकाल येतात. नोंदणीत ‘२५’ खोडले की काम झाले.

‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ हा प्रश्न

लिंक निर्दोष असूनही चित्रे ओळखण्याचे कोडे समोर येत असेल तर संख्येकडे पाहावे. अभ्यासिकेत वीस मुले एकाच वायफायवर असतात आणि बाहेरून ती सगळी एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. त्यांतच कोणी यादीतील सगळ्या लिंक तपासणारा प्रोग्रॅम चालवला, तर त्या पत्त्यावरून असामान्य वाहतूक होत आहे असे शोध इंजिन ठरवते. शिवाय जानेवारी २०२५ पासून गूगलचे निकाल जावास्क्रिप्टशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे साध्या प्रोग्रॅमने पान उतरवून लिंक चालते की नाही हे तपासण्याची पद्धत आता निरुपयोगी आहे. गूगलच्या अटींनाही स्वयंचलित शोध मान्य नाहीत, आणि ते पाळले पाहिजे. तपासायचाच असेल तर पत्ता तपासावा: लांबी किती, ‘%२५ई०’ आहे का, अदृश्य चिन्ह आहे का. हे तिन्ही इंटरनेटला हात न लावता स्प्रेडशीटमध्येच होते. प्रोग्रॅमकडून खरोखर शोध घ्यायचा असेल तर विकिपीडियाचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमसाठीचा वेगळा मार्ग, त्यासाठीच ठेवलेला आहे. तेथे शोधशब्दाचे नाव ‘एसआरसर्च’ आहे. विनंती एकामागून एक पाठवावी आणि तिच्यात आपली ओळख सांगणारा मजकूर द्यावा, अशी त्यांची अपेक्षा आहे.

सूचनाफलकावरील क्यूआर कोड

गेल्या खेपेची तक्रार कागदावरची होती. विषयांच्या लिंकचे क्यूआर कोड सूचनाफलकावर लावले, आणि मराठी विषयांचे कोड जुन्या मोबाइलना वाचता येईनात. कारण पुन्हा तेच, नऊ पट लांबी. मध्यम दुरुस्तीक्षमतेच्या, म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी वाचता येणाऱ्या, कोडमध्ये २२७ अक्षरांसाठी प्रत्येक बाजूला ६१ चौकोन लागतात. याच विषयाचे इंग्रजी नाव घातले तर पत्ता ६५ अक्षरांचा होतो आणि ३७ चौकोनांत बसतो. छापील आकार तोच ठेवला तर मराठी कोडचे चौकोन त्या प्रमाणात बारीक होतात. टक्क्यांऐवजी मराठी अक्षरे थेट कोडमध्ये घातली तर १०१ बाइट होतात आणि ४१ चौकोन पुरतात, परंतु काही मोबाइल ते बाइट चुकीच्या लिपीत वाचतात आणि मघाशी सांगितलेली टोप्यांची रोमन अक्षरे उमटतात. दोन्ही करून पाहिल्यावर आम्ही टक्क्यांचे रूपच कायम ठेवले, विषय तीन शब्दांत बसवले, ‘क्यू’ सोडून सगळे पॅरामीटर काढले आणि कोडची बाजू तीन सेंटिमीटरवरून पाच केली. जे मोबाइल अडत होते त्यांनी नवे कोड वाचले.